खरवडलेली लेबलं

पोट ही माणसाच्या अंगातली सगळ्यात हिंसक जागा आहे, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगतो. तिथे आम्ल असतं, मांस फाडून काढणारं पेप्सिन असतं, आणि दोन-दोन तास घुसळण चालू असते. आत गेलेल्या घासाला तिथे कुणी दयामाया दाखवत नाही. मुलं हसतात. मलाही ते वाक्य आवडतं, कारण मी तशाच घरात वाढलो आहे.

कोरीट गावातल्या आमच्या घरात वडिलांचा हात आधी बोलायचा, तोंड नंतर. बैल अडला की पराणी, पोरगा अडला की हाताला येईल ते. एकदा केळीत पाणी तुंबलं म्हणून त्यांनी फावड्याचा दांडा माझ्या पाठीवर मोडला, आणि नवा दांडा बसवून आणायला सुताराकडे मलाच पाठवलं. त्याच घरात अंडं येत नव्हतं आणि आई मुंग्यांना साखर घालत होती. मी शिकलो, रसायनशास्त्राचा प्राध्यापक झालो, चष्मा लावला, पण वडिलांचा हात माझ्याबरोबर कॉलेजात आला. वर्गात डस्टर भिरकावणारा मास्तर म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही.

आमच्या प्रयोगशाळेकडे एक काम आलं तेव्हाची ही गोष्ट. वाळवलेल्या मिरचीला बुरशी लागू नये म्हणून तिच्यावर झिंक ऑक्साईडची अतिशय बारीक पावडर मारायची, असं एका माणसाच्या डोक्यात होतं. बारीक म्हणजे इतकी, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही तिचा कण दिसत नाही. नॅनो म्हणतात ती. ही मिरची शेवटी कुणाच्या तरी भाकरीबरोबर पोटात जाणार. तिथे पावडर विरघळली तर ते नुसतं जस्त झालं, शरीराला त्याचं काय करायचं ते ठाऊक असतं. न विरघळता कणाचा कणच राहिला, तर तो आतड्यातून कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही. म्हणून काचेच्या बाटलीत पोट तयार करायचं. आम्ल, मीठ, पेप्सिन, अंगाइतकी ऊब, दोन तास हलवणं. मग त्यातच आतड्याचा रस, म्हणजे पॅन्क्रिएटिन आणि पित्त. ठरावीक वेळाने थोडं काढायचं, अगदी बारीक गाळणीतून गाळायचं, आणि गाळलेल्या पाण्यात जस्त किती उतरलं ते मोजायचं.

हे काम मी एकटा करूच शकलो नसतो. ते करणारा माणूस म्हणजे आमचा प्रयोगशाळा सहायक. माझ्याच वयाचा, कॉलेजच्या गावातल्या जुन्या मुसलमान घरातला. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करायचे आणि लहानपणी हा भाता ओढायचा, त्यामुळे आंबट आणि धातू यांचं भांडण मी पुस्तकात वाचलं त्याच्या कितीतरी आधी त्याने पाहिलं होतं. पोरांसमोर तो मला सर म्हणायचा, दोघेच असलो की भाऊ, आणि मग आमची ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी बोली सुरू व्हायची. मी त्याला भाई म्हणायचो. वीस वर्षं एकाच स्टोव्हवरचा चहा आम्ही प्यायलो आणि या वीस वर्षांत मी त्याच्यावर ओरडलो नाही असा महिना गेला नसेल. तो ऐकून घ्यायचा, बर्नर विझवायचा आणि म्हणायचा, आज घरून भांडून आलात वाटतं.

त्याच्या हातात एक कसब होतं. पिपेट म्हणजे मापाची काचेची नळी. ती रबरी फुग्याने भरायची असा नियम आहे. आमच्याकडच्या उन्हात रबर तडकतं, आणि नवे फुगे मागवले की मागणीपत्रावर धूळ बसते. भाई नळीचं टोक ओठात धरायचा, हलकेच ओढायचा आणि रस रेघेवर आणून बोटाने दाबायचा. थेंबभरही इकडेतिकडे नाही. तोंडाने ओढू नये, हे मी पोरांना दरडावून सांगायचो आणि त्याच्याकडे काणाडोळा करायचो, कारण फुग्याने एक तास लागणारं काम तो वीस मिनिटांत उरकायचा.

रसांच्या बाटल्यांचं पार्सल आलं तेव्हा ते मीच उघडलं. तीन पांढऱ्या बाटल्या होत्या, तिघींवर इंग्रजीत छापलेलं. पेप्सिन, डुकराच्या जठरातून काढलेलं. पॅन्क्रिएटिन, तेही डुकराचं. पित्त, गोवंशाचं. जगभर ही चाचणी याच रसांनी होते, त्यात गुपित काहीच नाही. पण मी त्या बाटल्यांकडे पाहत राहिलो आणि मला घाम फुटला. भाई दवाखान्यातली कॅप्सूलसुद्धा तिचं वरचं कवच कशाचं आहे हे विचारल्याशिवाय गिळत नसे. आणि मी गायीच्या पित्तात हात घालतो हे घरी कळलं असतं तर बायकोने मला ओसरीवरच आंघोळ घातली असती. गावात कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी केला आणि लगेच सोडून दिला.

मी ब्लेड घेतलं आणि तिन्ही लेबलं खरवडून काढली. कोऱ्या पट्ट्या चिकटवून त्यांवर मार्करने लिहिलं अ, ब, क. बाटल्यांबरोबर आलेले कागद माझ्या कपाटात तळाशी टाकले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हटलं. शांतता राहावी म्हणून हे करतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण एवढंच होतं, की याला कळलं तर हा कामाला हात लावणार नाही, आणि याचा हात नसेल तर माझं काम बसेल.

त्यानंतर चार महिने तो अ आणि ब तोंडाने ओढत होता. पेप्सिनच्या रसाला फेस येतो आणि फेस नळीत चटकन वर चढतो. तीन-चार वेळा तरी रस त्याच्या तोंडात गेला. तो बेसिनवर थुंकायचा, चूळ भरायचा आणि हसून म्हणायचा, भाऊ, मी जेवण्याआधीच माझं पोट मला खायला निघालंय. मी मान खाली घालून वहीत आकडे लिहीत राहायचो. पहिल्या वेळी आकडा खोडून पुन्हा लिहावा लागला. चौथ्या वेळी काहीच वाटलं नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त लाज त्याच गोष्टीची वाटते.

आकडे छान येत होते. जठरात पावडर साखरेसारखी विरघळत होती. मग रसांची दुसरी खेप आली. ब्लेडचं तेच काम मी घाईघाईत केलं, कारण बाहेर तो कपबशा विसळत होता. त्या खेपेचा पहिला प्रयोग लावला आणि अर्ध्या तासात बाटलीतलं पोट नासलं. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या, गाळणी तुंबली, आणि खाली उतरलेल्या पाण्यात जस्त नावापुरतं. दुसऱ्यांदा लावला, तेच. तिसऱ्यांदाही तेच. अहवालाची मुदत चार दिवसांवर आली होती.

परीक्षा संपलेल्या होत्या, कॉलेज रिकामं होतं. दुपारी गाळणी चौथ्यांदा तुंबली तेव्हा मी बीकर उचलून भिंतीवर फोडला. तू काचा नीट धूत नाहीस, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, धुतल्या, तीनदा धुतल्या. मी म्हटलं, खोटं बोलतोस. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि मी त्याच्या कानशिलात लगावली. अशी, की त्याची टोपी टेबलाखाली गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात त्याच्या अंगाला लागला होता.

त्याने टोपी उचलली नाही. अ आणि ब या दोन्ही बाटल्या उघडल्या, आळीपाळीने नाकाशी धरल्या आणि एक माझ्यासमोर ठेवली.

"सर, हाई अ नही शे. वास ल्या. हाई ब शे."

दोघेच असूनही तो मला सर म्हणाला. बाटली अ होती आणि आत ब होतं. आतड्याच्या रसाला मी जठराची चिठ्ठी लावून ठेवली होती आणि आम्लात तो नासत होता. चिठ्ठी माझ्या हातची होती. चूक माझी आहे हे मला तिथेच दिसलं आणि ते मी बोललो नाही. उद्या बघू, असं म्हणून घरी निघून आलो.

कपाटाची एक किल्ली त्याच्याकडे असायची, माझ्यापेक्षा तोच ती जपायचा. बाटल्यांच्या बुडावर कंपनीचा क्रमांक कोरलेला होता. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला तो क्रमांक घेऊन त्याने कागद शोधले. इंग्रजी शब्द कळला नाही म्हणून मोबाइलमध्ये घातला. हे सगळं मला मागाहून समजलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता आणि टेबलावर तिन्ही बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"हाई डुकरनं शे का?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. तरीही मी म्हणालो, "केमिकल शे."

त्याने क घातलेला रस एका पिपेटमध्ये वरपर्यंत भरला, तोंडाने नाही, कुठून तरी शोधून काढलेल्या जुन्या फुग्याने. वरचं भोक बोटाने दाबून ती पिवळसर नळी त्याने माझ्या ओठांपुढे धरली.

"मंग हाई तुमी तोंडमा ल्या. केमिकलच शे ना."

क म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी तोंड घट्ट मिटलं. नळी पुढे आली, मी मागे सरकलो. माझ्या त्या मागे सरकण्याने त्याला सगळं उत्तर मिळालं. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला, आणि चूक कबूल करायच्या ऐवजी मला राग आला. दुसरं काही येतच नाही मला. मी त्याच्या हातावर जोरात फटका मारला आणि नळी माझ्याच तोंडावर मोडली. काच खालच्या ओठातून आरपार गेली. रक्त आणि पित्त एकदमच जिभेवर आलं. इतकं कडू मी आयुष्यात चाखलेलं नाही.

मग मी त्याची कॉलर धरली आणि त्याचं डोकं बाटल्यांच्या फळीवर आपटलं. एकदा नाही, दोनदा. आम्लाची बाटली खाली फुटली आणि शहाबादी फरशी फसफसायला लागली. भाता ओढून घट्ट झालेले त्याचे हात मी विसरलो होतो. त्याने माझ्या पोटात एक बुक्का मारला, मग आणखी एक. मी कोलमडलो आणि काचांवर पडलो. त्याने माझ्या छातीवर गुडघा रोवला, तळवा माझ्या तोंडावर दाबला, आणि मला थुंकू देईना. त्याच्या कपाळातून रक्त माझ्या चष्म्यावर टपकत होतं. मला गिळावं लागलं. ते त्याने पाहिलं, आणि मग हात काढला.

दारात शिपाई येऊन उभा राहिला तेव्हा मी बेसिनवर ओकत होतो. भाई कपाळाला रुमाल दाबून त्याच्या बाजूने निघून गेला.

डॉक्टरांनी ओठाला टाके घातले. संध्याकाळी घरासमोर पिकअप येऊन थांबली. सरांना कुणीतरी मारलं, एवढंच शिपायाने कोरीटला कळवलं होतं, नाव सांगितलं नव्हतं. धाकटा भाऊ आणि त्याच्याबरोबर तिघे होते. मागे बांबूच्या काठ्या होत्या आणि त्या दडवण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. भाऊ माझ्या पलंगावर बसला आणि माझी हनुवटी धरून ओठ पाहिला.

"कोनी मारं तुले? नाव सांग."

मी काय बोलतो यावर त्या वेळी काय अवलंबून होतं हे मला पुरतं कळत होतं. भाईच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, दोन मुली आहेत. त्याची गल्ली आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. नुसतं नाव सांगितलं असतं तर चार काठ्या निघाल्या असत्या. त्याने माझ्या तोंडात काय दाबलं ते सांगितलं असतं, तर चारावर भागलंच नसतं, रात्र पडायच्या आत शंभर माणसं जमली असती. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या मनात आलं की सांगावं. छातीवरचा तो गुडघा मला अजून जाणवत होता. सगळ्यांना कळू दे, होऊ दे काय व्हायचं ते, असं मला मनापासून वाटलं.

मग मी अर्धं खरं सांगितलं. आधी मी मारलं, म्हणालो. चूक माझी होती आणि मी त्याच्या कानशिलात दिली. आणि चार महिने मी त्याला न सांगता डुकराचा रस तोंडाने ओढायला लावला. आता तो कोण, हे त्यांना विचारायची गरज उरली नाही. हे ऐकून यांना माझी लाज वाटेल, मान खाली घालून ही माणसं उठतील, अशी माझी भाबडी समजूत होती. पित्ताबद्दल मी ब्रही काढला नाही.

भाऊ हसायला लागला. आधी हळू, मग खदखदून. बाकीचे तिघेही हसले.

"मंग तू चांगलंच करं," तो म्हणाला आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

हसता हसता तो माझ्याकडे बघत होता, मीही हसावं म्हणून थांबला होता. मी हसलो नसतो तर मी आणखी काही लपवतोय असा त्याला वास आला असता. मी हसलो. टाके ताणले आणि ओठातून पुन्हा रक्त आलं. आपलीच सरशी झाली अशी खात्री पटल्यावर त्याने चहा मागितला, केळीच्या घडांचं बोलला आणि काठ्यांसकट परत गेला. गल्ली वाचली ती माझ्या खरेपणामुळे नव्हे, हे मी पुरतं ओळखून आहे. भाऊ जे मोठ्याने हसला तेच मी चार महिने वहीत डोकं खुपसून करत होतो. त्याला निदान ते लपवता येत नव्हतं.

ठरल्या मुदतीत मी अहवाल दिला. दुसऱ्या खेपेचे सगळे प्रयोग रद्द, मूळ लेबलं मी स्वतः काढली, नवी चिठ्ठी मी चुकीची लावली, असं सहीनिशी लिहिलं. पहिल्या खेपेचे आकडेही पुन्हा तपासल्याशिवाय धरू नयेत, असंही लिहिलं. प्राचार्यांनी मला बोलावून सौम्य शब्दांत झापलं. मिरचीवाला माणूस दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेला. भाईने बदलीचा अर्ज दिला होता, ग्रंथालयात.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी, नमाज सुटायची वेळ टाळून, मी त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. कपाळावर पट्टी होती. आत ये म्हणाला नाही, मीही सरकलो नाही. मी माफी मागितली. नुसतं चुकलं असं नाही, एकेक करून सगळं सांगितलं. ब्लेड, कागद, तो थुंकत असताना खाली घातलेली माझी मान, भावासमोर हसलो तेही. तुला कळलं असतं तर तू कामच सोडलं असतंस, त्या भीतीने मी लपवलं, असं शेवटी म्हणालो. एवढं तरी त्याला पटेल असं मला वाटत होतं.

तो दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"कसाले सोडतू?" तो म्हणाला. "एक डाव इचारं ऱ्हातं ते मी ना नही म्हनतू. हातमा मोजा घालतू, रबरना फुगा मी मन्हा पैसानी लई येतू. काम ते काम शे, भाऊ. फक्त तोंडमा नही लेतू."

एकदा विचारायला हवं होतं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आतून त्याच्या आईने कोण आलंय म्हणून विचारलं. कुनी नही, असं तो आतल्या बाजूला म्हणाला, आणि दार लावून घेतलं.